देणगीला लगाम घातला, तर तो बोलण्यालाही बसतो का?

निवडणुकीतला पैसा हा या वेळचा विषय. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतले सात प्रश्न निवडले आहेत. उत्तरं लोकसभा आणि विधानसभेला लागू असलेल्या कायद्याप्रमाणे आहेत. महापालिका, जिल्हा परिषद यांच्यासाठी राज्य निवडणूक आयोगाचे आदेश आणि मर्यादा वेगळ्या असतात, एवढं ध्यानात ठेवावं.

आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे. विषय: ‘राजकीय देणग्यांवरच्या मर्यादेने भ्रष्टाचार आटोक्यात येतो की अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर गदा येते?’ बाजू कोणती मिळेल ते आयत्या वेळी कळणार. मांडणी कशी करू?
— विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

विषय एका वाक्याचा दिसतो, पण त्यात चार वेगळे नियम एकत्र कोंबले आहेत. कुणी किती देणगी द्यावी यावरची मर्यादा. उमेदवाराने किती खर्च करावा यावरची मर्यादा. देणाऱ्याचं नाव जाहीर करण्याची सक्ती. आणि उमेदवारही नाही, पक्षही नाही अशा तिऱ्हाइताने स्वतःच्या पैशाने प्रचार केला तर त्यावरचं बंधन. हे चार वेगळे काढले नाहीत तर स्पर्धेत दोन्ही बाजू एकमेकांना न भेटताच बोलत राहतील.

अमेरिकेपासून सुरुवात करा, कारण ‘पैसा म्हणजे बोलणं’ हा युक्तिवाद तिथे सर्वांत ठळकपणे झाला. वॉटरगेट प्रकरणानंतर १९७४ साली तिथे देणगी आणि खर्च दोन्हींवर मर्यादा आल्या. ३० जानेवारी १९७६ च्या बकली विरुद्ध व्हॅलेओ निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यातली देणगीची मर्यादा ठेवली आणि खर्चाची उडवली. त्यामागचा विचार नीट समजून घ्या. देणगी देणारा ‘माझा याला पाठिंबा आहे’ एवढंच सांगतो. रक्कम दहापट केली म्हणून त्या म्हणण्यात दहापट मजकूर येत नाही. उलट मोठ्या देणगीतून देवाणघेवाणीचा धोका आणि संशय दोन्ही वाढतात. खर्चाचं तसं नाही. सभागृह, छपाई, टीव्हीवरची वेळ या सगळ्याला पैसा लागतो. खर्च आवळला की बोलणंच कमी होतं, असं न्यायालयाने धरलं. पुढे २१ जानेवारी २०१० ला सिटिझन्स युनायटेड निकाल ५ विरुद्ध ४ मतांनी आला आणि कंपन्या व कामगार संघटनांना उमेदवारापासून स्वतंत्र राहून हवा तेवढा प्रचारखर्च करायची मुभा मिळाली. आज तिथे एका व्यक्तीला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३,५०० डॉलरच देता येतात (२०२५-२६ च्या निवडणूकचक्राचा हा आकडा). तोच माणूस उमेदवारापासून स्वतंत्र प्रचार करणाऱ्या ‘सुपर पॅक’ नावाच्या गटाला मात्र कोट्यवधी देऊ शकतो.

आपल्याकडे रचना बरोबर उलटी आहे. व्यक्तीने पक्षाला किती द्यावं यावर मर्यादाच नाही. उमेदवाराच्या खर्चावर आहे: महाराष्ट्रात २०२२ पासून लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. पक्षाच्या खर्चावर पुन्हा काहीच नाही.

आपल्या राज्यघटनेच्या बाजूने विचार केला तर एक अवघड जागा येते आणि परीक्षकांना ती आवडेल. अनुच्छेद १९(२) मध्ये बोलण्यावर निर्बंध घालायची कारणं मोजून दिली आहेत: सार्वभौमत्व आणि अखंडता, सुरक्षितता, परराष्ट्र संबंध, सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. ‘निवडणुकीतली समानता’ त्यात नाही. मग खर्चमर्यादा टिकते कशावर? १९५४ च्या जमुना प्रसाद मुखारिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच धर्तीच्या प्रश्नाला उत्तर दिलं होतं. तिथे प्रश्न प्रचारातल्या मजकुराचा होता, पैशाचा नव्हता. पण तर्क तोच लागतो. हे नियम कुणाला बोलण्यापासून अडवत नाहीत, संसदेत किंवा विधिमंडळात जायचं असेल तर कोणत्या अटी पाळायच्या एवढंच सांगतात. उमेदवारापुरता हा तर्क पक्का आहे. ज्याला निवडून जायचंच नाही, फक्त मत मांडायचं आहे, त्याला तो लावता येत नाही.

भ्रष्टाचाराच्या बाजूचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. १९५७ साली टाटा स्टीलला राजकीय देणग्या देण्याची मोकळीक हवी होती. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी परवानगी दिली, पण कंपन्यांच्या पैशाने लोकशाहीचाच गळा आवळला जाण्याचा धोका निकालात बोलून दाखवला. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आली, पण प्रचाराचा खर्च भागवायची दुसरी सोय कुणी केली नाही. पैसा यायचा थांबला नाही. चेकने येणारा रोखीने येऊ लागला. १९८५ साली बंदी उठवावी लागली. मर्यादेच्या विरोधात बोलायची वेळ आली तर हे उदाहरण वापरा, आणि जोडीला अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचं. तिथे देणगीची मर्यादा २०० ते ४०० डॉलर इतकी खाली आणली होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण एवढ्या तुटपुंज्या पैशात खुर्चीवर बसलेल्या माणसासमोर नवखा उभाच राहू शकत नाही.

आमचं मत विचाराल तर मोठ्या देणगीवर मर्यादा आणि नाव जाहीर करण्याची सक्ती या दोन्हींनी कुणाचं बोलणं फारसं कमी होत नाही, आणि लाच देणाऱ्याची वाट अवघड होते. लहान माणसाने पदरमोड करून छापलेल्या पत्रकावर बंधन घातलं, तर बोलणं कमी होतं आणि भ्रष्टाचार जिथे होता तिथेच राहतो. आपल्या कायद्याने पहिलं सैल सोडलं आहे आणि दुसरं आवळलं आहे. खालच्या उत्तरांत ते दिसेल.

आमची टॉवेल बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. निवडणूक जवळ आली की मागणी येते. कायद्याने किती देता येतं आणि कशा पद्धतीने?
— यंत्रमाग कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

कंपनी कायदा २०१३ चं कलम १८२ तुम्हाला लागू आहे. पहिली अट वयाची: कंपनीला तीन आर्थिक वर्षं पूर्ण झालेली नसतील तर एक रुपयाही देता येत नाही. दुसरी रकमेची. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के, हा वर्षाचा कमाल आकडा. समजा नफा अनुक्रमे १२, १८ आणि १५ लाख झाला. सरासरी १५ लाख, त्याचे साडेसात टक्के म्हणजे १,१२,५००. तीन पक्षांना द्यायचं असेल तर तिघांचे मिळून एवढेच.

२०१७ च्या वित्त कायद्याने ही मर्यादा काढली होती, त्यामुळे अनेक सल्लागार अजूनही ‘आता मर्यादा नाही’ असं सांगतात. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द करताना ती दुरुस्तीही घटनाबाह्य ठरवली. तोट्यातली किंवा नुसती कागदावरची कंपनीही हवे तेवढे पैसे देऊ शकेल ही त्या दुरुस्तीतली खोट होती, आणि न्यायालयाने तिच्यावरच बोट ठेवलं.

आधी संचालक मंडळाच्या सभेत ठराव करा आणि त्यात पक्षाचं नाव व रक्कम लिहा. पैसे चेक, डिमांड ड्राफ्ट किंवा बँकेतूनच द्या. नफा-तोटा पत्रकात पक्षाच्या नावासह रक्कम दाखवा. नियम मोडला तर कंपनीला देणगीच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि जबाबदार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

चूक बहुधा दोन ठिकाणी होते. पक्षाच्या स्मरणिकेत पानभर जाहिरात दिली की ती जाहिरात खर्चात टाकली जाते. कायद्याच्या दृष्टीने ती देणगीच आहे आणि साडेसात टक्क्यांत मोजली जाते. दुसरी जागा नेत्याच्या नावाच्या प्रतिष्ठानाची किंवा मंडळाची. ज्याच्या कामाने एखाद्या पक्षाबद्दलच्या जनमतावर परिणाम होण्याची शक्यता आहे हे कंपनीला माहीत आहे, अशा व्यक्तीला किंवा संस्थेला दिलेले पैसेही राजकीय देणगीच धरले जातात. पावतीवर ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ लिहिलं म्हणून सुटका होत नाही.

पक्षाला रीतसर दिलेल्या देणगीची आयकरात वजावट मिळते, पण रोखीने दिलेल्याची नाही. सवलतीच्या दराची करप्रणाली निवडली असेल तरीही नाही. सीएला आधी विचारा. कारखाना भागीदारीत किंवा एकट्याच्या मालकीचा असेल तर कलम १८२ लागूच होत नाही. तिथे वरची मर्यादा कोणतीच नाही. सोलापुरातले बरेच कारखाने याच प्रकारचे आहेत.

नाही म्हणण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. मागणाऱ्याला ‘मर्यादा संपली, ठराव झाला, आता देता येत नाही’ असं कागद दाखवून सांगता येणं हा या मर्यादेचा कारखानदाराला होणारा खरा उपयोग आहे. ती जशी घेणाऱ्याला अडवते तशी देणाऱ्याला आधार देते. २०१७ ते २०२४ या काळात तो आधार काढून घेतला होता.

एक गिऱ्हाईक उमेदवाराला न विचारता स्वतःच्या खर्चाने दोन हजार पत्रकं छापून मागतंय. छापू का? आमच्यावर काही येईल का?
— छापखाना चालक, नवी पेठ

छापता येईल, पण कागदपत्रं पुरी करून. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-क सांगतं की निवडणूक पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक व प्रकाशक दोघांची नावं आणि पत्ते हवेत. छपाईआधी प्रकाशकाकडून त्याच्या ओळखीचं घोषणापत्र दोन प्रतींत घ्या. त्यावर त्याची सही आणि त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षी लागतात. छपाई झाली की घोषणापत्राची एक प्रत आणि छापलेलं पत्रक जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकारी कार्यालयात, पाठवायचं. केंद्रीय निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे तीन दिवसांत, आणि सोबत किती प्रती छापल्या व किती पैसे घेतले हेही लिहून. चुकलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं सभेचं ठिकाण, तारीख, वेळ सांगणारं पत्रक यातून वगळलेलं आहे. डिजिटल फलकांवरही मुद्रक-प्रकाशकाचं नाव टाका, तिथेच सर्वांत जास्त विसरलं जातं.

ही झाली तुमची बाजू. गिऱ्हाइकाची अडचण दुसरी आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १७६ (पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं १७१-ज) म्हणतं की उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याला निवडून आणण्यासाठी सभा, जाहिरात, पत्रक अशा कशावरही खर्च करणं गुन्हा आहे. दंड आता १०,००० रुपयांपर्यंत. सूट फक्त दहा रुपयांपर्यंतच्या खर्चाला, तीही दहा दिवसांत उमेदवाराची लेखी संमती आणली तर. दहा रुपयांत आज धड दहा पत्रकंही निघणार नाहीत. आणि परवानगी आणली की तो खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो, म्हणून उमेदवारही सही द्यायला नाखूश असतो.

मजकुरावर बरंच अवलंबून आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाकडून तो आधी वाचून घ्या. ‘सोलापूरला पाणी रोज मिळालंच पाहिजे, प्रत्येक उमेदवाराला हे विचारा’ असं पत्रक कुणालाच निवडून आणण्यासाठी नाही. ते १७६ मध्ये बसत नाही. ‘पाण्यासाठी अमुक यांना मत द्या’ असं झालं की बसतं. उमेदवाराच्या विरोधातलं पत्रक १७६ मध्ये येत नाही, कारण ते कलम निवडून आणण्याच्या खर्चाबद्दल आहे. १२७-क मात्र बाजूच्या आणि विरोधाच्या दोन्ही पत्रकांना लागतं.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न उभा राहिला होता. तिथे तिऱ्हाइताच्या प्रचारखर्चाला पाच पौंडांची मर्यादा होती. १९९२ च्या निवडणुकीत हॅलिफॅक्स मतदारसंघात गर्भपाताच्या प्रश्नावर उमेदवारांच्या भूमिका सांगणारी पत्रकं वाटल्याबद्दल फिलिस बोमन यांच्यावर खटला झाला. १९९८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की मर्यादा असणं गैर नाही, पण इतकी कमी मर्यादा म्हणजे व्यवहारात मत छापायलाच बंदी. त्यानंतर ब्रिटनने ती वाढवून आधी ५०० आणि पुढे ७०० पौंड केली. आपले दहा रुपये तिथेच आहेत. देणग्यांच्या नियमांनी अभिव्यक्तीचा संकोच होतो म्हणणाऱ्यांनी मोठ्या कंपन्यांची कड घेण्याऐवजी या कलमाकडे बघावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

लोकसभेला ९५ लाखांची मर्यादा म्हणतात. एका सभेचा थाट पाहिला तरी ते खरं वाटत नाही. मग हिशेब जुळतो कसा?
— निवृत्त बँक कर्मचारी, सात रस्ता

तुम्ही बँकेत होता, तेव्हा वहीपासूनच सुरुवात करू. उमेदवाराने अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडायचं असतं. त्याला तीन भागांची नोंदवही मिळते: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँक. प्रचारकाळात ती किमान तीनदा तपासणीला न्यावी लागते. एका व्यक्तीला किंवा संस्थेला पूर्ण निवडणुकीत रोखीने १०,००० रुपयांपेक्षा जास्त देता येत नाही.

समोरच्या बाजूला प्रशासन स्वतःची वही ठेवतं, तिला छाया निरीक्षण नोंदवही म्हणतात. व्हिडिओ पथक सभेला जातं. चित्रीकरण सुरू करताना ठिकाण, तारीख आणि उमेदवाराचं नाव बोलून नोंदवतं आणि मग मंच, खुर्च्या, गाड्या, फलक टिपतं. दुसरं पथक ते पाहून जिल्ह्याच्या दरपत्रकाने रक्कम काढतं. मंडपाचा चौरस फूट, खुर्ची, जेवणाचं ताट, ढोल-ताशा, प्रत्येकाला दर असतो. उमेदवाराच्या वहीत ३०० खुर्च्या आणि चित्रीकरणात २,००० दिसल्या की नोटीस निघते. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे, आणि लक्ष घालणारा अधिकारी असेल तर ती चालतेही.

ती फसते ती कायद्यातच ठेवलेल्या मोकळ्या जागांमुळे. हिशेब मोजला जातो तो अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत. त्याआधी महिनाभर चाललेले मेळावे, हळदीकुंकू, आरोग्य शिबिरं यांतलं काहीच मोजलं जात नाही. मान्यताप्राप्त पक्षाचे ४० ‘स्टार प्रचारक’ असतात. त्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवारावर पडत नाही. उमेदवार त्यांच्यासोबत मंचावर बसला किंवा त्याचा फोटो तिथे लागला तर सभेचा खर्च वाटून त्याच्या नावावर येतो, म्हणून कधी कधी उमेदवार मंचाखाली बसलेला दिसतो. गाड्यांचे परवाने डमी अपक्षाच्या नावावर काढण्याची युक्तीही जुनीच. मतदारांना वाटलेली रोकड आणि दारू तर मुळातच गुन्हा, ती कुठल्याच वहीत येणार नाही. तिच्यावर खर्चमर्यादेचा काडीचा परिणाम होत नाही.

सगळ्यांत मोठी फट पक्षाच्या खर्चाची. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच मर्यादेत धरला पाहिजे. निकाल ऑक्टोबरचा, आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून तो निष्प्रभ करण्यात आला. २००३ मध्ये ती सवलत बरीच आवळली गेली, तरी पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला मर्यादा आजतागायत नाही. पक्षाने फक्त लोकसभेनंतर ९० दिवसांत आणि विधानसभेनंतर ७५ दिवसांत खर्चाचं विवरण आयोगाला द्यायचं.

आणि ९५ लाख हा आकडा तरी पुरेसा आहे का? सोलापूर लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं आणि सुमारे २० लाख मतदार. माणशी पाच रुपयेसुद्धा होत नाहीत. मोहोळपासून अक्कलकोटपर्यंत एकदा प्रत्येक घरी पत्रक पोचवायचं म्हटलं तरी छपाई आणि माणसांचा खर्च केवढा होतो ते हिशेब करून पाहा. मर्यादा इतकी खाली ठेवली की प्रामाणिक उमेदवारालाही पहिली खोटी नोंद तिथेच करावी लागते. उमेदवाराची मर्यादा वाढवावी, पक्षाच्या खर्चाला मर्यादा आणावी आणि मोजणी अर्ज भरण्याच्या बऱ्याच आधीपासून सुरू करावी. तिन्ही एकत्र केलं तरच वहीला अर्थ येईल.

मी अधूनमधून एका पक्षाला पाचशे-हजार देतो. माझं नाव कुठे जाहीर होतं का? दुकानावर त्याचा परिणाम नको.
— किराणा दुकानदार, बार्शी

होत नाही. वर्षभरात २०,००० रुपयांपेक्षा जास्त देणाऱ्यांचीच नावं पक्षाला निवडणूक आयोगाकडे द्यावी लागतात. रोखीने २,००० च्या वर देऊ नका; तेवढी रोकड घेतली तर पक्षाची करसवलत धोक्यात येते, म्हणून पक्षानेच ती नाकारायला हवी. पावती मात्र घ्या. सरकारी नोकर असता तर उत्तर वेगळं आलं असतं, त्यांना सेवानियमांनी पक्षाला वर्गणी देता येत नाही.

तुमच्यासारख्यांच्या गोपनीयतेला न्यायालयानेही किंमत दिली आहे. रोख्यांच्या निकालात राजकीय कल खासगी ठेवण्याचा हक्क मान्य केला आहे. पण मोठी देणगी, विशेषतः कंपनीची, हा व्यवहार असतो आणि त्याबद्दल मतदाराला कळलं पाहिजे, असं तिथे म्हटलं आहे. या २०,००० च्या रेषेचा गैरवापर होतो तो मोठी रक्कम अनेक नावांवर तुकडे करून दाखवण्यात.

निवडणूक रोख्यांची यादी बाहेर आली. मग त्यात भ्रष्टाचार झाला हे सिद्ध झालं का?
— वाचक, अक्कलकोट

नाही, आणि तसं म्हणणं चूक ठरेल. यादीने काय केलं ते मात्र पाहण्यासारखं आहे. ही योजना २ जानेवारी २०१८ ला अधिसूचित झाली. १,००० रुपयांपासून १ कोटीपर्यंतचे रोखे स्टेट बँकेतून घ्यायचे, पक्षाने ते १५ दिवसांत वटवायचे, आणि कुणी कुणाला दिले ते मतदाराला कळायचं नाही. ३० टप्प्यांत सुमारे १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले. निकालानंतर बँकेने तपशील द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने ११ मार्च २०२४ ला ती नाकारली, आणि १४ मार्चला आयोगाने याद्या प्रसिद्ध केल्या.

पण त्या दोन स्वतंत्र याद्या होत्या, एक घेणाऱ्यांची आणि एक वटवणाऱ्या पक्षांची. प्रत्येक रोख्यावरचा क्रमांक २१ मार्चला बाहेर आला तेव्हाच कुणाचा पैसा कुठे गेला हे जुळवता आलं. मग पत्रकारांनी देणगीच्या तारखेशेजारी छाप्याची आणि कंत्राटाची तारीख ठेवून पाहिली. अशा जवळच्या तारखा प्रश्न उभा करतात, पुरावा होत नाहीत. विशेष तपास पथकाची मागणी २ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. प्रत्येक प्रकरणात कायद्याचे नेहमीचे मार्ग मोकळे आहेत, असं सांगितलं. म्हणजे नाव जाहीर झाल्याने शिक्षा होत नाही, पण नावच लपलं असेल तर चौकशीला सुरुवात कुठून करायची हेही कळत नाही. आणि त्या सहा वर्षांत मतदाराने २०१९ च्या लोकसभेसाठी मत बनवलं ते ही माहिती नसताना, ही त्याच्याच बोलण्याच्या आणि विचार करण्याच्या हक्कावरची गदा होती. न्यायालयाने रोखे रद्द केले ते अनुच्छेद १९(१)(क) च्याच आधारावर.

उमेदवाराचा खर्चाचा हिशेब सामान्य माणसाला पाहता येतो का? आणि इन्स्टाग्रामच्या पेजवरून मी कुणाचा प्रचार केला तर तो खर्च धरतात का?
— तरुण वाचक, मोहोळ

दुसऱ्याचं आधी. स्वतः लिहून टाकलेली पोस्ट आयोग राजकीय जाहिरात मानत नाही, तिला पूर्वप्रमाणनही (आयोगाकडून आधी घ्यायची मंजुरी) लागत नाही. पैसे देऊन ती जास्त लोकांपर्यंत पोचवली की खर्च झाला. उमेदवाराच्या संमतीने असेल तर त्याच्या हिशेबात, संमतीशिवाय असेल तर छापखान्याच्या उत्तरातलं कलम १७६ तुम्हाला लागू शकतं. मेटावर (इन्स्टाग्राम चालवणारी कंपनी) राजकीय जाहिरात द्यायची तर ओळख पटवावी लागते, आणि पैसे कुणी दिले हे जाहिरातीवर दिसतं. ती जाहिरात सात वर्षं त्यांच्या संग्रहात कुणालाही पाहता येते. उमेदवाराने अर्जासोबत आपली समाजमाध्यम खाती जाहीर करायची असतात आणि त्यावर काम करणाऱ्या मुलांचा पगारही हिशेबात दाखवायचा असतो. पेज चालवायचे पैसे तुम्हाला मिळत असतील तर तो पगार वहीत गेला आहे का, हे विचारून घ्या.

हिशेब पाहता येतो. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराने, हरलेल्यानेही, तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. निवडणूक संचालन नियम १९६१ च्या नियम ८८ प्रमाणे एक रुपया शुल्क भरून कुणीही तो पाहू शकतो आणि ठरलेली फी भरून साक्षांकित प्रत घेऊ शकतो. गोषवारा मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरही टाकला जातो, पण बिलं आणि व्हाउचर बघायची असतील तर कार्यालयातच जावं लागेल. जाताना सभांच्या तारखा, ठिकाणं आणि जमल्यास तुमच्याच फोनमधले फोटो बरोबर ठेवा. पांढऱ्या पानावर त्या तारखेची सभा आहे का, आणि खुर्च्यांचा आकडा जुळतो का, एवढंच आधी पाहा.

वेळेचं भान मात्र ठेवावं लागेल. हिशेब वेळेत किंवा विहित पद्धतीने दिला नाही तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०-क खाली आयोग तीन वर्षं अपात्र ठरवू शकतो. तो हिशेब खरा आहे का हेही आयोग तपासू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये अशोक चव्हाण यांच्या प्रकरणात सांगितलं. (त्यानंतर आयोगाने काढलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला.) पण मर्यादा ओलांडली म्हणून निवडच रद्द करून घ्यायची असेल तर निवडणूक याचिकाच लागते. ती त्या मतदारसंघातला कुठलाही मतदार किंवा उमेदवार करू शकतो, मुंबई उच्च न्यायालयात, निकालापासून ४५ दिवसांत. हिशेब तिसाव्या दिवशी आला तर तो वाचून, प्रती घेऊन, वकील गाठून याचिका दाखल करायला तुमच्या हातात पंधरा दिवस उरतात. म्हणून अर्ज एकतिसाव्या दिवशी सकाळीच द्या.